बोडीगुडमच्या पाळकाला आधार

चांद्याच्या मिशन शाळेतल्या सीलास मास्तर दुर्ग्यांना उत्तम इंग्रजी येतं, ही गोष्ट साऱ्या चांद्याला ठाऊक होती, कारण मास्तरांनी ती प्रत्येकाला जातीनं सांगितली होती. त्यामुळे एकोणीसशे त्रेपन्न सालच्या जानेवारीत मिशनच्या मोठ्या कचेरीतून पत्र आलं, तेव्हा मास्तरांना नवल वाटलं नाही. उशीर झाला, एवढंच वाटलं.

पत्रात लिहिलं होतं की नॉर्वे देशातून आयनार नावाचे एक प्रचारक येत आहेत. जंगलातल्या लहान लहान ख्रिस्ती मंडळ्यांच्या पाळकांना आधार देणं हा त्यांच्या प्रवासाचा हेतू आहे. ते आलापल्लीपलीकडच्या बोडीगुडमला आठ दिवस राहतील. दुभाषी म्हणून दुर्गे मास्तरांनी जावं आणि व्यवस्था पाहावी. शेवटी एक ओळ बारीक अक्षरात होती: बोडीगुडमचं ठाणं पुढे चालू ठेवायचं की तिथले पाळक पोचू यांना दुसरीकडे पाठवायचं, हे पाहुण्यांचा अहवाल वाचून ठरेल.

मास्तरांनी ही शेवटची ओळ दोनदा वाचली आणि 'दुभाषी' हा शब्द सात वेळा वाचला.

त्याच दिवशी त्यांनी पोचू पाळकाला पोस्टकार्ड टाकलं. मास्तरांचं मराठीही इंग्रजीइतकंच शुद्ध होतं. त्यांनी लिहिलं, "आपणांस आधार देण्यासाठी परदेशातून एक थोर गृहस्थ येत आहेत. तयारी असावी." एवढं साधं वाक्य. पण पोस्टकार्डावरचं वाक्य कोणाकोणाच्या हातून जाईल याचा नेम नसतो. या वाक्यानं बोडीगुडमला जाऊन काय केलं ते पुढे येईलच.

चांद्यात तोवर वेगळाच प्रश्न उभा राहिला होता, आणि तो उभा केला होता शेजारच्या दादाजींनी. दादाजी रेल्वेत गार्ड होते, आता पेन्शनीत होते. गोरा साहेब त्यांनी जवळून पाहिला होता, म्हणजे एकदा तो फर्स्ट क्लासच्या डब्यात झोपलेला असताना खिडकीतून. त्या अभ्यासावर ते आयुष्यभर बोलत आले होते.

"सगळं ठीक आहे मास्तर," दादाजी ओट्यावर बसत म्हणाले, "पण साहेब सकाळी जाईन कुठी?"

मास्तर म्हणाले, जंगल आहे, सगळे जातात तिथे जातील. त्यावर दादाजींनी त्यांच्याकडे अतिशय करुणेनं पाहिलं. साहेबाचा गुडघा वाकत नाही, त्यांनी समजावलं. थंड मुलुखातलं हाड, गोठलेलं असते. बसवलं तर बसेल, पण उठायचा नाही. आणि सकाळी बसलेला साहेब उठलाच नाही, तर अहवाल कोण लिहिणार?

मास्तरांच्या पत्नी मार्थाबाई तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, प्रार्थनेला गुडघे टेकत असेल ना तो? मग वाकतात. पण घरातल्या बाईचं म्हणणं बरोबर आहे हे कळायला पुरुषाला एक तरी नुकसान व्हावं लागतं, आणि मास्तरांचं अजून झालं नव्हतं. त्यांनी खुर्ची करवून घ्यायचं ठरवलं. मधोमध भोक असलेली, खाली डबा ठेवता येईल अशी.

लच्छू सुतार बैलबंड्यांची चाकं करण्यात पटाईत होता. त्यानं अशी खुर्ची केली नव्हती, पण नाही म्हणायचा त्याचा स्वभाव नव्हता. त्यानं फक्त माप मागितलं. कोणाचं माप, हा प्रश्न आला. साहेब नॉर्वेत. दादाजींनी निकाल दिला की साहेब म्हणजे दीड मास्तर. मग लच्छूनं अंगणात ओली माती पसरली आणि मास्तरांना तिच्यावर बसायला सांगितलं. शाळेत ज्यांच्या नुसत्या खोकण्यानं चौथीचा वर्ग गप्प होई, ते सीलास मास्तर भर दुपारी लच्छूच्या अंगणात चिखलावर बसले. दादाजी बाजूला उभे राहून "अजून जरा दाबून" म्हणत होते. उठल्यावर उमटलेल्या ठशाभोवती लच्छूनं चार बोटं वाढवली आणि म्हणाला, झालं.

आठ दिवसांनी खुर्ची आली. पाहुणा धर्माचा माणूस आहे एवढं लच्छूच्या कानावर गेलं होतं. त्यानं अस्सल सागवान लावलं होतं. पाठ छातीइतकी उंच, तिच्यावर समोरासमोर दोन मोर, हातांवर वेलबुट्टी, पायांना वाघाचे पंजे. भोक तेवढं बैठकीत होतं, तेही सुबक, कडेला कमळाच्या पाकळ्या. तिच्यात बसायचं ते कशासाठी, हे कोणाच्या मनात येणं शक्य नव्हतं. मार्थाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि त्या आत गेल्या.

ही खुर्ची घेऊन मास्तर निघाले. मोटारीच्या टपावर बांधून आष्टीच्या घाटापर्यंत, तिथून डोंग्यातून वैनगंगा, पलीकडे पुन्हा दुसरी मोटार. डोंग्यात जागा कमी म्हणून एक म्हातारी खुर्चीत बसली आणि अर्ध्या नदीत ओरडली की खालून गार लागून राह्यलं. मास्तरांनी दुसरीकडे पाहिलं.

खरी अडचण आलापल्लीच्या अलीकडे जंगलखात्याच्या नाक्यावर आली. नाकेदाराचं नाव शालिकराम. माणूस प्रामाणिक होता, आणि नाक्यावरच्या प्रामाणिक माणसाइतका वेळ कोणीच खात नाही. त्यानं खुर्ची खाली उतरवली, नखानं खरवडली, वास घेतला.

"सागवान आहे," तो म्हणाला. "पास?"

मास्तरांनी शुद्ध मराठीत सांगितलं की लाकूड जंगलातून बाहेर नेताना पास लागतो, आपण तर आत नेत आहोत. शालिकरामानं मान हलवली. तेच तर, तो म्हणाला. बाहेर नेणारे रोज येतात, त्यांचं रजिस्टर आहे. सागवान जंगलात घेऊन येणारा माणूस चौदा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा पाहिला. त्याचं रजिस्टरच नाही.

"मग जाऊ द्या."

"जाऊ देतो न. पण परत येतानी? तवा मी म्हणीन, हे माह्या जंगलातलं चोरलं. तुमाले मीच धरीन."

अखेर असं ठरलं की खुर्चीचं वर्णन एका कागदावर नोंदवून ठेवायचं. शालिकराम मोठ्यानं बोलत लिहू लागला आणि मोटारीतले सगळे उतारू ऐकायला खाली उतरले. खुर्ची, सागवानी, नग एक. मोर, नग दोन. मग तो वाकला, भोकातून हात घालून पलीकडे काढला, आणि विचारलं, हे कायचं?

मास्तरांनी भोवती पाहिलं. पंधरा-वीस माणसं, त्यांत चार बायका, आणि शाळेचा एक जुना विद्यार्थी, जो आता मोटारीचा कंडक्टर होता. अशा वेळी खरं बोलावं असं शास्त्र सांगतं. पण शास्त्र लिहिणारांना नाक्यावर उभं राहावं लागलं नव्हतं.

"हवेसाठी," मास्तर म्हणाले.

शालिकरामानं लिहिलं, "बुडास हवेसाठी भोक, नग एक." मग सरकारी हातोडा आणून एका मोराच्या पोटावर खात्याची निशाणी ठोकली. उतारूंपैकी पाच-सहा जणांनी आळीपाळीनं बसून हवा पाहिली. बरी लागते, असं सर्वांचं मत पडलं. मोटार दीड तास उशिरा सुटली.

आलापल्लीहून बंडीनं दोन कोस गेलं की बोडीगुडम. पन्नासेक घरं, बहुतेक मासे धरणारी आणि धानाची शेती करणारी, मधोमध मोठं तळं. त्यांतली नऊ घरं पोचू पाळकाच्या मंडळीतली. पोचू स्वतः ढिवराचा, मासे धरणाऱ्यांच्याच घरातला. वयाची पन्नाशी गाठेपर्यंत त्यानं एक दिवस अंथरूण धरलं नव्हतं. पण मास्तर त्याच्या दारात उतरले तेव्हा तो बाजेवर आडवा होता, गळ्यापर्यंत घोंगडी, आणि उशाशी भागीरथा नावाची औषधपाणी करणारी म्हातारी बसलेली.

झालं होतं ते असं. पोस्टकार्ड गावात आलं, वाचता येणाऱ्या एकानं ते चावडीवर मोठ्यानं वाचलं. परदेशातून माणूस येतो, पोचूले आधार द्यायले. गावानं विचार केला. ज्याला दुसऱ्या देशातून माणूस बोलावून धरून ठेवावं लागतं, त्याची तब्येत किती उतरली असेल? पोचू सांगत राहिला की मला काही झालं नाही. पण मोठ्या दुखण्यात रोगी असंच म्हणतो, हे भागीरथाबाईला ठाऊक होतं. तळ्यावर निघाला की दोघे जण त्याच्या बगलेत हात घालत. बारा दिवस त्याला नुसत्या पेजेवर ठेवलं होतं, आणि त्यामुळे आता त्याला खरोखरच उभं राहवत नव्हतं. मंडळीबाहेरच्या घरांनीही त्याच्यासाठी नवस बोलून ठेवले होते. त्याची बायको सोमारी मास्तरांना पाहून रडायलाच लागली.

"सांगा मास्तरभाऊ, काय होय याले? तुमाले कागदातून समजलं अन् आमाले घरात राहून नाई समजलं."

मास्तरांनी आधार या शब्दाचे अर्थ सांगायला सुरुवात केली. शब्दशः अर्थ झाला, लाक्षणिक अर्थाला ते हात घालणार, तोच बाहेर गलका उठला. साहेब एक दिवस आधीच आले होते. सिरोंच्याकडून मिशनची जीप येऊन तळ्याच्या पाळीवर, बांधावरच, थांबली होती.

त्यानंतरच्या दहा मिनिटांत जे घडलं, त्याला कोणी एक माणूस जबाबदार नव्हता. मास्तर भाषणाचा कागद शोधत होते. माणसांनी बंडीतून खुर्ची उतरवून प्रार्थनेच्या छपरीत नेऊन ठेवली. ही कशासाठी, असं कोणीतरी विचारलं तेव्हा मास्तर घाईत "खास आहे" एवढंच म्हणाले होते. इतकी खास खुर्ची, तिला हात, तिला उंच पाठ. आजारी माणसाला टेकायला यापेक्षा चांगलं काय? दोघांनी पोचूला बाजेवरून उचललं, नवं धोतर नेसवलं आणि खुर्चीत बसवलं. झेंडूचा हार घातला.

भोकावर कोणीतरी सोमारीचं लुगडं घडी करून पसरलं होतं, त्यामुळे ते दिसत नव्हतं. भोकाचं माप मास्तरांचं, वर चार बोटं. पोचू मुळात काडी, त्यात बारा दिवसांच्या पेजेनं आणखी वाळलेला. आयनार साहेब दारात वाकून आत आले, सहा फुटांच्या वर, दाढी लाल-पांढरी, आणि पोचू पाळकानं मान देण्यासाठी जरासं अंग हलवलं. तेवढ्यानं लुगड्यासकट तो खाली गेला. गुडघे नाकाला, पाय आभाळाकडे, वर नुसता हार आणि दोन मोर.

मास्तरांनी नेमकं त्याच क्षणी भाषण सुरू केलं होतं. आदरणीय महोदय, या पवित्र प्रसंगी, असं इंग्रजीत म्हणत त्यांनी हात पसरून पाळकाकडे निर्देश केला, आणि पाळक तिथे नव्हता.

साहेबांनी पिशवी खाली टाकली. दोन पावलांत ते खुर्चीपाशी गेले. एक पाय खुर्चीच्या पंजाला रेटला, पोचूचे दोन्ही हात धरले आणि पाण्यातून जाळं ओढावं तसं त्याला उपसून काढलं. लुगडं तेवढं खाली राहिलं. पोचू उभा राहिला, पण डगमगला, म्हणून साहेबांनी त्याला बगलेत धरून ठेवलं. गावाच्या दृष्टीनं पोस्टकार्डातला शब्द अक्षरशः खरा झाला होता. भागीरथाबाई म्हणाली, आता हा वाचते.

मग साहेबांची नजर भोकावर गेली. कडेच्या पाकळ्या त्यांनी बोटानं चाचपल्या, खाली डबा ठेवायची फळी पाहिली, आणि ते हसू लागले. हसता हसता भिंतीला टेकले. पोचूला कारण समजलं नाही, पण त्यालाही हसू आलं. मग सगळं गाव हसलं. एकटे सीलास मास्तर हातात कागद घेऊन उभे होते, आणि त्या कागदाची तीन पानं अजून वाचायची होती.

पुढचा आठवडा मास्तरांना फार कठीण गेला. साहेबांना इंग्रजीचे जेमतेम चाळीस शब्द येत होते, आणि त्यांतले वीस माशांचे होते. ते आपल्या देशी समुद्रावर मासे धरत. प्रचारक वगैरे नंतर झाले होते. त्यांनी पहिल्या संध्याकाळी तळ्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. मास्तरांना त्यातला फक्त 'फिश' कळला. दुभाष्यानं गप्प बसणं शोभत नाही, म्हणून त्यांनी प्रभूच्या शिष्यांपैकी किती जण कोळी होते यावर पाव तास विवेचन केलं. ते होईपर्यंत साहेब आणि पोचू तळ्यावर पोचले होते. जाळ्याच्या गाठी कशा मारायच्या यावर दोघांचं भांडण चाललं होतं. एक आपल्या भाषेत, दुसरा झाडीबोलीत. दोघेही ऐकायला तयार नव्हते आणि दोघांनाही सगळं समजत होतं.

सकाळचा प्रश्नही उरला नाही. दुसऱ्याच दिवशी साहेब लोटा घेऊन पोचूबरोबर झुडपात गेले आणि गुडघे न मोडता परत आले. मास्तरांना मार्थाबाईंची आठवण झाली, आणि त्यांनी ती ताबडतोब मनातून काढून टाकली. खुर्चीचं म्हणाल तर सोमारीनं तिच्या भोकात छपरीतला पाण्याचा माठ ठेवून पाहिला. असा बसला, जणू लच्छूनं माठाचंच माप घेतलं होतं. ती खुर्ची तिथेच राहिली. नाहीतरी शालिकरामासमोरून ती परत न्यायची मास्तरांची छाती नव्हती.

पोचू मासे-भात खाऊन चार दिवसांत ताठ झाला. साहेबांनी त्याचा गळका डोंगा डांबर लावून नीट केला, छपरीचे मोडके वासे बदलले. मास्तर हातात शब्दकोश घेऊन पाळीवर उभे राहत आणि कोणी काही विचारतं का ते पाहत. कोणी विचारत नसे. एकदा साहेबांनी हाक मारली तेव्हा ते धावत गेले. साहेबांना डांबराचं भांडं धरायला माणूस हवा होता.

शनिवारी साहेबांनी त्यांना बोलावून अहवाल सांगितला. मास्तरांच्या हाताची बोटं लिहायला शिवशिवत होती. साहेब म्हणाले, "पोचू गुड. पोचू स्टे." मास्तर वाट पाहत राहिले. अहवाल संपला होता. मास्तरांनी दुपारभर बसून त्याची चार पानं केली. त्यात मंडळीची आध्यात्मिक उन्नती होती, तौलनिक विचार होता, दोन ठिकाणी लॅटिन होतं. साहेबांनी पानं उलटली, डोकं खाजवलं आणि चारही पानांवर आडव्या रेघा मारून खाली स्वतःच्या हातानं ते चार शब्द लिहिले. मिशनच्या कचेरीला म्हणे इतका स्पष्ट अहवाल वीस वर्षांत आला नव्हता. महिन्याभरात बोडीगुडमचं ठाणं कायम झाल्याचं पत्र निघालं. पण ते पुढचं. शनिवारी मास्तर जेवले नाहीत. पोट बिघडलं, असं त्यांनी सोमारीला सांगितलं, आणि भागीरथाबाई पेज घेऊन येताना दिसली तेव्हा बरं वाटतं असं सांगितलं.

रविवारी साहेबांचा उपदेश होता. मास्तरांच्या मनात हा शेवटचा किल्ला होता. उपदेश म्हणजे भाषा. तिथे डांबराचं काम नाही. छपरी भरली, मंडळीबाहेरचेही पुष्कळ येऊन बसले. मास्तर काळा कोट घालून साहेबांच्या उजव्या हाताला उभे राहिले. साहेब इंग्रजीत तीन शब्द बोलले, अडखळले, मान हलवली, आणि सरळ आपल्या भाषेत बोलू लागले.

मास्तरांना त्यातलं एक अक्षर कळलं नाही. साहेबांनी पाण्यावर हात फिरवावा तसा हात फिरवला. मग तो हात उंच गेला, मोठी लाट झाली. मुठीत जाळ्याची दोरी आली. मग साहेबांनी दोरी सोडून दिली, दोन्ही हातांनी काहीतरी धरलं, छातीशी घेतलं. थांबून ते मास्तरांकडे वळले.

साऱ्या छपरीचे डोळे मास्तरांवर आले. त्यांनी घसा साफ केला. एक उत्तम सुरुवात त्यांच्या जिभेवर आली होती: 'आदरणीय पाहुणे असे प्रतिपादन करतात की.' त्यांनी समोर पाहिलं. पुढच्या चटईवर भागीरथाबाई पदरानं डोळे पुसत होती. पोचूची नजर साहेबांच्या हातांवरून हलली नव्हती.

"मले," सीलास मास्तर म्हणाले, आणि आपलाच आवाज ऐकून चकित झाले, "मले काहीच समजलं नाई."

कोणी हसलं नाही. सोमारीनं मागच्या रांगेतून हलक्या आवाजात सांगितलं, "त्याचा भाऊ पडला होता जी डोंग्यातून. यानं जाळं सोडलं अन् भावाले धरलं. बसा मास्तरभाऊ. आमाले समजून राह्यलं. तुमी मधात बोलता, मंग तो थांबते."

मास्तरांनी शब्दकोश मिटला. बसायला जागा नव्हती. पोचू जरा सरकला, चटईवर हात आपटून त्यानं त्यांना जवळ बोलावलं, आणि काळ्या कोटातले मास्तर त्याच्याशेजारी मांडी घालून बसले. साहेबांनी पुन्हा हात उचलला.